अकरा महिन्यांचं घर, सहा वर्षांचं झाड

"मॅडम, हे रंगाचे डबे टाकूनच द्यायचे ना?"

टेम्पोवाल्याने विचारलं आणि माझ्या पोटात गोळाच आला. फ्रिज खाली उतरला होता, गाद्या उतरल्या होत्या, पुस्तकांची सात खोकी उतरली होती. वाकडच्या त्या फ्लॅटच्या गॅलरीत उरल्या होत्या फक्त दोन बादल्या. वीस-वीस लिटरच्या, रंगाच्या. एकीच्या अंगावर अजून फिकट पिवळे ओघळ. आणि दोन्हींत एकेक हडकुळं, काटेरी झाड.

"टाकायचे नाहीत. शेवटी चढवायचे आणि पहिले उतरवायचे," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की बस्स! पण या शिफ्टिंगमध्ये माझा एक खुर्चीचा पाय मोडला, दोन कप फुटले, मिक्सरच्या भांड्याचं झाकण कायमचं गायब झालं, आणि मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. बादल्या मात्र मी स्वतः टेम्पोत मागे बसून, दोन्ही हातांनी धरून बावधनपर्यंत आणल्या. गोष्ट २०२५ ची. पुण्यातलं हे माझं चौथं घर. बादल्यांचंसुद्धा!

आपल्यासारख्यांचं आयुष्य कसं असतं, सांगायला नको. अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, भिंतीला खिळा ठोकायचा नाही, घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं की दोन महिन्यांत बाहेर. अशा घरात माणूस काय लावतो? मनी प्लांट. फार तर तुळस. किंवा मॉलमधून आणलेलं ते बांबूचं काहीतरी. म्हणजे आज आहे, उद्या नाही, टेन्शन नाही. मग फळ धरायला पाच-सात वर्षं घेणारं झाड बी लावून वाढवायचं खूळ माझ्या डोक्यात आलं कुठून?

खरं सांगू? टाइमपासमधून.

पिशवी अर्ध्या लिटरची

माझं आजोळ काटोलजवळ. नागपूरपासून साधारण साठ किलोमीटरवर, अस्सल संत्र्याचा पट्टा. फेब्रुवारी २०१९ मध्ये मामेबहिणीच्या साखरपुड्याला गेले होते. निघताना मामाने नेहमीप्रमाणे पिशवी भरून संत्री दिली. मृग बहाराची. आणि त्यातली निम्मी विहिरीजवळच्या झाडाची, कारण ती गोड असतात हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. ते झाड आजोबांनी लावलेलं. सुट्टीत आम्ही पोरं त्याच्याच सावलीत आंघोळीला बसायचो, कारण मोटारीचं पाणी तिथेच पडायचं.

पुण्यात तेव्हा कोथरूडला राहत होते, दोन रूममेट्सबरोबर. एकीने संत्रं खाता खाता बिया कपात टाकल्या आणि म्हणाली, "लावून बघायच्या का गं?" झालं! आम्ही सायंटिस्ट झालो. बिया स्वच्छ धुतल्या, पेपरवर पसरल्या, आठ दिवस मस्तपैकी वाळवल्या. पाकिटातलं बी कोरडंच असतं ना! मग दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशव्या वरून कापल्या, खालचे दोन्ही कोपरे कातरले, माती भरली आणि बिया पेरल्या.

महिना गेला. काही नाही. एकही नाही.

नंतर कळलं की संत्रं, लिंबू, मोसंबी या मंडळींचं बी वाळवलं की ते मरतं. गहू-ज्वारीसारखं ते पुढच्या हंगामासाठी झोपून राहत नाही. फळातून निघालं की ओलं असतानाच मातीत जायला हवं. फ्रिजच्या तळाशी त्याच पिशवीतली तीन सुरकुतलेली संत्री उरली होती. ती सोलली. बिया नुसत्या चोखून साफ केल्या आणि तासाभरात मातीत, पेराएवढ्याही खोल नाहीत. सोबत सरबताला आणलेल्या कागदी लिंबाच्या चार बियाही टाकल्या.

साडेतीन आठवड्यांनी पहिला हिरवा ठिपका दिसला. तो क्षण... पहिल्या पगाराचा एसेमेस आला होता ना तुम्हाला, तसा! आणि गंमत म्हणजे संत्र्याच्या एका बीमधून दोन कोंब आले. एक ताठ, एक मरतुकडा. आम्हाला वाटलं, चुकून दोन बिया पडल्या असतील.

मे महिन्यात मामीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "विहिरीजवळचं झाड गेलं वं." त्या उन्हाळ्यात काटोल-नरखेड, वरूड-मोर्शी भागातल्या कितीतरी संत्राबागा पाण्यावाचून जागच्या जागी वाळल्या. मामाने टँकर आणून निम्मी बाग जगवली. विहिरीजवळचं झाड वाचलं नाही, कारण विहीरच आटली होती.

मी फोन ठेवला आणि गॅलरीत जाऊन दुधाच्या पिशवीकडे पाहिलं. चार पानं होती. टाइमपास तिथे संपला.

तीन गॅलऱ्या आणि एक लॉकडाऊन

आता थोडं डब्यांविषयी. कारण घर बदलत गेलं तसे झाडांचे डबेही बदलत गेले.

लिंबूवर्गातल्या रोपाचं सोटमूळ सरळ खाली जातं. रोप वर बोटभर असतं तेव्हाच खाली मूळ त्याहून लांब झालेलं असतं. म्हणून पसरट आइस्क्रीमचे डबे दिसायला कितीही गोंडस असले तरी कामाचे नाहीत. डबा हवा अरुंद आणि खोल. नर्सरीवाले उभट काळ्या पिशव्या वापरतात ते उगाच नाही. दुधाच्या पिशवीनंतर माझी रोपं गेली दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटल्यांत. मानेपाशी कापलेल्या, तळाला पाच-सहा भोकं. पारदर्शक बाटलीत ऊन आत शिरतं, कडेने शेवाळ धरतं आणि मुळं तापतात, म्हणून त्यांना जुने मोजे घातले. हो, खरंच मोजे! तळवे फाटलेले. फॅशनचा नवा फंडा म्हणून मैत्रिणींनी फोटो काढले होते.

मार्च २०२० मध्ये दोन्ही रूममेट्स आपापल्या घरी गेल्या. एक शेवटच्या गाडीने रत्नागिरीला, दुसरी तिच्या भावाबरोबर कारने सोलापूरला. मी 'बघू, पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे' म्हणत राहिले. नंतरचे दोन महिने त्या घरात मी, लॅपटॉप आणि मोजे घातलेल्या बाटल्या. झाडांशी बोलायचे वगैरे म्हणणार नाही, तितकं काही डोकं फिरलं नव्हतं. पण सकाळी उठून नवीन पान आलंय का हे बघणं, एवढं एकच काम असं होतं ज्याची डेडलाइन नव्हती.

२०२१ ला बाणेर. तिथे पाच लिटरचे तेलाचे कॅन मिळाले, खालच्या पोळी-भाजीवाल्या काकूंकडून. बाणेरच्या गॅलरीत एका सोमवारी पाहिलं तर लिंबाच्या पानांवर चिमणीची विष्ठा पडल्यासारखे ठिपके. बुधवारी ते ठिपके चालायला लागले. शुक्रवारी झाडावर पान नव्हतं. एकही! या लिंबावरच्या फुलपाखराच्या अळ्या. लहानपणी त्या मुद्दाम पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात म्हणजे कोणी खात नाही, मोठ्या झाल्या की पानासारख्या हिरव्यागार. बोट लावलं की डोक्यामागून केशरी शिंगं बाहेर काढतात आणि विचित्र वास सोडतात. आपल्या राज्याचं फुलपाखरू आहे ना, राणी पाकोळी, २०१५ मध्ये जाहीर झालेलं, त्याच्याही अळ्या याच कुळातल्या झाडांवर वाढतात. म्हणून आता मी तडजोड केलीये. लिंबावर दोन अळ्या राहू देते. बाकीच्या उचलून सोसायटीच्या कढीपत्त्यावर. तोही याच कुळातला, आणि त्याच्याकडे पानं भरपूर आहेत.

२०२३ ला वाकड. शेजारच्या विंगला रंगकाम चालू होतं. रंगाऱ्याला शंभर रुपये दिले आणि दोन रिकाम्या बादल्या घेतल्या. वीस लिटर, भक्कम आणि मुख्य म्हणजे वर कडी! भाडेकरूच्या झाडाला कडी असलेला डबाच हवा. मातीची सुंदर कुंडी तीन शिफ्टिंगमध्ये दोनदा फुटते.

वाकडला टँकरचं पाणी होतं. सहा महिन्यांत संत्र्याची नवी पानं पिवळी पडली, शिरा मात्र हिरव्या. जड पाण्याने मातीतलं लोह-जस्त झाडाला मिळेनासं होतं, त्याची ही खूण. इथे मात्र गुगल करून माझं डोकं दुखायला लागलं. शिवाय पाच वर्षं होत आली होती. लिंबू नाही, संत्रं नाही, नुसते काटे! म्हटलं, ज्यांचा हा धंदा आहे त्यांनाच विचारू. फेब्रुवारी २०२४ ला शनिवार-रविवारला जोडून दोन सुट्ट्या टाकल्या आणि रात्रीच्या गाडीने नागपूर गाठलं.

वासाच्या वाटेवर

तुम्ही नागपूरला हिवाळी अधिवेशनाच्या किंवा लग्नाच्या निमित्ताने गेला असाल, संत्रा बर्फीचे दोन डबे घेऊन परतला असाल. पण फेब्रुवारीत काटोल रोडने बाहेर पडला आहात का? नसाल तर एकदा पडाच. शहर मागे सरलं की काळी माती, मधूनच तुरीचं रान, कापसाच्या पऱ्हाट्या, आणि मग सुरू होतात त्या बुटक्या, गोल, गर्द हिरव्या झाडांच्या ओळी.

या महिन्याची खासियत अशी की काही बागांमध्ये मृग बहाराची फळं पिवळीधमक लटकलेली असतात आणि शेजारच्याच बागेत आंबिया बहाराची पांढरी फुलं फुललेली. संत्र्याचं झाड आपोआप असं वागत नाही हं. शेतकरी त्याला ताण देतो, म्हणजे पाणी तोडतो. झाड घाबरून पानं गाळायला लागतं आणि पुन्हा पाणी मिळालं की फुलांनी भरून जातं. हिवाळ्यात ताण दिला तर आंबिया, मे महिन्याच्या उन्हात दिला तर जून-जुलैत पावसाबरोबर मृग. फळाच्या आधी दुष्काळ! फक्त तो हिशोबातला असावा लागतो. २०१९ चा हिशोबाबाहेरचा होता.

आणि वास... गाडीची काच खाली करा. मोगऱ्यापेक्षा हलका, थोडा मधासारखा, आणि सगळीकडे. मी पंधरा मिनिटं काही बोलले नाही. ड्रायव्हरदादाला वाटलं मला गाडी लागतेय.

मामा अंगणात खाटेवर बसला होता. थकलाय आता.

"काय वं बाई, एवढ्या दुरून झाडाचं औषध इचाराले आली? फोनवर नसतं सांगतलं का मी?"

"मामा, फोनवर तू 'टाकून दे ते' असं सांगितलं असतंस."

"हे बी खरंच हाय!"

दुसऱ्या दिवशी मामाच मला घेऊन वरूडकडे निघाला. वरूड-मोर्शीच्या या भागाला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. तिथल्या रेल्वे स्टेशनचं नावच मुळी 'वरूड ऑरेंज सिटी'. समोर सातपुड्याची निळी रांग. मात्र कॅलिफोर्निया म्हणताना हेही माहीत असू द्या, की बोअरवेलमागून बोअरवेल मारून इथलं जमिनीतलं पाणी खूप खोल गेलंय. वाटेत मामा बोट दाखवत होता, "हे पाय, इथं बाग होती. हे बी बागच होती." तिथे आता हरभरा होता.

वरूड तालुक्यातलं शेंदुरजना घाट हे गाव म्हणजे संत्र्याच्या रोपांचं माहेरघर. गावाभोवती नर्सरीच नर्सरी. हिरव्या जाळ्यांखाली काळ्या पिशव्यांच्या न संपणाऱ्या रांगा. मी मामाच्या ओळखीच्या नर्सरीवाल्या काकांना मोबाइलवर माझ्या बादल्यांचे फोटो दाखवले. त्यांनी आधी चष्मा पुसला, मग फोटो मोठा केला, मग मामाकडे बघून हसले.

"ताई, पुण्यात रंगाच्या बादलीत? बाप्पा!"

मग त्यांनी मला रांगांमधून फिरवलं, आणि मी आयुष्यभर संत्री खाऊनही जे माहीत नव्हतं ते कळलं. बागेत आपण जे संत्र्याचं झाड बघतो ते खालून संत्र्याचं नसतंच! खाली असते जंबेरी, म्हणजे खडबडीत सालीचं एक आंबट लिंबू. किंवा रंगपूर लाईम, जो पाण्याचा ताण बरा सोसतो. आधी त्यांचं बी पेरतात. वर्ष-सव्वा वर्षाने रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की जमिनीपासून वीतभर उंचीवर सालीला टी आकाराची चीर देऊन तिच्यात संत्र्याचा एक डोळा सरकवायचा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधून टाकायचं. डोळा फुटला की जंबेरीचा शेंडा छाटायचा. मुळं एकाची, डोकं दुसऱ्याचं. २०१४ मध्ये जीआय मिळालेलं आपलं नागपुरी संत्रं असं दुसऱ्याच्या पायांवर उभं आहे. पुण्यात येऊन राहिलेल्या आम्हा नागपूरकरांसारखंच म्हणा की!

"आणि बी पासून लावलं तर?" मी विचारलं. "फळ वेगळंच येतं म्हणतात."

"आंब्याचं म्हनत असन कोनी. संत्र्याचं तसं नाई. एका बीतून दोन-तीन कोंब निघते, पाह्यलं का कधी?"

मी एकदम थांबले. "दोन आले होते. एक ताठ, एक मरतुकडा."

"मरतुकडा असते तो बहुतेक मिसळीचा, दुसऱ्या फुलाच्या परागाचा. आमी नर्सरीत असे वेगळे दिसनारे उपटून फेकतो. जोमदार निघते तो आईवर जाते. आईवर म्हंजे आईच." त्यांनी पुन्हा मोबाइलकडे पाहिलं. "तुमी कोनता ठेवला?"

"ताठ. दुसरा पहिल्याच पावसाळ्यात गेला."

"मंग झालं तर. ज्या झाडाचं फळ खाल्लं, बहुतेक तेच झाड हाय हे."

विज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर संत्र्याच्या किंवा कागदी लिंबाच्या एका बीमध्ये अनेकदा एकापेक्षा जास्त गर्भ असतात. त्यातला एक परागीकरणातून तयार होतो, बाकीचे थेट मातृवृक्षाच्या पेशींमधून. म्हणजे झेरॉक्स! पपनसासारख्या फळात हा प्रकार नसतो, तिथे प्रत्येक रोप नवा गडी. पण संत्र्यात असतो.

मी मामाकडे पाहिलं. तो काळ्या पिशव्यांकडे बघत होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "म्हंजे इहिरीजवळचं झाड तुया बादलीत हाय म्हनतं?"

"बहुतेक," मी म्हटलं.

"बुवाचं झाड." बुवा म्हणजे माझे आजोबा.

मला लगेच सुचलं ते मी बोलून टाकलं. त्याच्या फांद्या आणते, इथे डोळे भरू, मामाच्या शेतात लावू. काकांनी मान हलवली. बीपासूनचं झाड आधी लेकरू असतं. लांब काटे हीच त्याची खूण. लेकराचा डोळा भरला तर कलमही लेकरूच राहतं, वर्षानुवर्षं काटे काढत बसतं. डोळा घ्यायचा तो फळावर आलेल्या झाडाचाच. बियांमधून बहुतेक विषाणू पुढे जात नाहीत, ही त्यातली जमेची बाजू. पण फळ धरेपर्यंत थांबायलाच हवं. जमिनीत सात-आठ वर्षं. बादलीत त्याहून जास्त. कदाचित धरणारही नाही.

पिवळ्या पानांवर त्यांचा सल्ला असा : टँकरचं पाणी कमी करा, पावसाचं साठवून घाला, महिन्याला मूठभर शेणखत, आणि मिळालं तर फवारणीचं सूक्ष्म अन्नद्रव्य. "आन शेंडा छाटू नका. मी पाह्यलं फोटोत, तुमी छाटला हाय." छाटला होता! गॅलरीच्या छताला लागत होता म्हणून. फुलावर यायच्या आधी झाडाला ठरावीक वाढ पूर्ण करावी लागते. शेंडा छाटला की ते पुन्हा मागे जातं. माझं एक वर्ष मीच कापून टाकलं होतं.

परतताना मामा म्हणाला, "फळ धरू दे त्याले. मंग आन डोळे." आणि थोड्या वेळाने, "तवापावतर मी राह्यलो पायजे."

"राहायचंच आहे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तुम्हालाही करून बघायचंय?

तर सुरुवात संत्र्याने करू नका, कागदी लिंबाने करा. पुण्या-मुंबईच्या हवेत ते रुळतं, बीपासून चार-सहा वर्षांत फळाची आशा ठेवता येते. आपल्याकडे कागदी लिंबाच्या बागासुद्धा बीपासूनच्या रोपांच्या असतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या 'साई सरबती'चं नाव ऐकलं असेलच. बाजारातलं रसरशीत, पिकून पिवळं झालेलं लिंबू घ्या. हिरवं कोवळं नको, त्यातलं बी तयार झालेलं नसतं.

बी चिरणार नाही अशा बेताने लिंबू कापा. बी धुवा, वाळवू नका, त्याच दिवशी पेरा. बोटाच्या अर्ध्या पेराएवढं खोल. दुधाची पिशवी, उंच बाटली, काहीही चालेल, पण तळाला भोकं हवीतच. सांडशीत मोठा खिळा धरून गॅसवर तापवला की प्लॅस्टिकला सहज भोक पडतं. खिडकी उघडी ठेवा, धूर नाकात घेऊ नका. रंगाची बादली घेतली तर ती पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची असावी, आणि आतला वाळलेला रंग खरवडून, धुऊन काढा.

माती नुसती काळी नको, ती दगड होते. दोन भाग लाल माती, एक भाग शेणखत किंवा घरचं कंपोस्ट, एक भाग कोकोपीट किंवा जाडी वाळू. पाणी रोज घालायची सवय सोडा. बोट खुपसून पाहा, वरचं पेरभर कोरडं लागलं तरच घाला. लिंबूवर्गातली झाडं तहानेने जितकी मरतात, त्याहून जास्त आपल्या प्रेमाने मरतात.

ऊन किमान पाच तास. गॅलरी उत्तरेची असेल तर मनी प्लांटच बरा. बादलीखाली जुनी परात ठेवा, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साड्या आणि तुमचे संबंध, दोन्ही खराब होतील. आणि परातीतलं पाणी दोन दिवसांत ओतून द्या. डासांना आणि डेंग्यूला तेवढंच निमित्त लागतं.

संत्र्याची हौस असेलच तर बी खऱ्या नागपुरी संत्र्याचं घ्या. सैल सालीचं, हाताने सहज सोललं जाणारं. मॉलमध्ये घट्ट, चकचकीत सालीचं आणि बियांनी गच्च भरलेलं जे मिळतं ते बहुधा उत्तरेकडचं किन्नू असतं. वाईट नाही, पण ते वेगळं.

आणि फेब्रुवारीत काटोल-वरूडला एक चक्कर टाकाच. नागपूरच्या गणेशपेठ बसस्थानकावरून एसटी मिळते. काटोलला जायला इटारसी लाइनची रेल्वेही आहे. कोणाची तरी ओळख काढा आणि बागेत उभे राहा. बाकी काही करू नका.

लिंबू आधी

२०२४ च्या पावसाळ्यात लिंबाला अकरा फुलं आली. मी मोजली होती. नऊ गळली. दोन राहिली. डिसेंबरमध्ये एक तोडलं, पोह्यांवर पिळलं. चव? लिंबासारखीच होती हो! पण बोटांना तो वास दिवसभर होता आणि मी दिवसभर हात धुतले नाहीत.

दुसरं लिंबू मामाला कुरिअरने पाठवलं. त्याचा फोन आला. "भेटलं. आता संत्र्याचं बोल."

संत्र्याला अजून फूल नाही. काटे मात्र वरच्या फांद्यांवर आखूड व्हायला लागलेत. म्हणजे लेकरू मोठं होतंय, असं मी समजते. शेंडा छाटलेला नाही. त्यामुळे वाकडच्या छताला तो टेकला होता, आणि घरमालकाने फ्लॅट विकायला काढला तेव्हा नवीन घर शोधताना ब्रोकरला मी भाड्याच्या आधी छताची उंची विचारली.

"मॅडम, बजेट सांगा, एरिया सांगा," तो म्हणाला.

"पूर्वेची गॅलरी, वर मोकळी. सकाळी ऊन यायला हवं."

"वास्तू बघताय का?"

"नाही."

"बरं. राहणार किती जण?"

"दोघी," मी म्हटलं. "आणि दोन बादल्या."

त्याने बादल्या लिहून घेतल्या की नाही, माहीत नाही. पण बावधनची गॅलरी वरून मोकळी आहे. अ‍ॅग्रीमेंट अकरा महिन्यांचंच आहे.